नव्वद दिवसांची मोकळीक

लक्झेंबर्ग या चिमुकल्या देशात मोझेल नदीच्या काठी शेंगेन नावाचे एक खेडे आहे. द्राक्षमळ्यांखेरीज तेथे पाहण्यासारखे फारसे काही नाही. १४ जून १९८५ रोजी या खेड्यापाशी नदीत नांगरलेल्या एका बोटीवर फ्रान्स, पश्चिम जर्मनी, बेल्जियम, हॉलंड आणि लक्झेंबर्ग या पाच राष्ट्रांच्या प्रतिनिधींनी आपापसातील सीमांवरची तपासणी बंद करण्याच्या करारावर सह्या केल्या. प्रत्यक्ष अंमलबजावणीला मार्च १९९५ उजाडावा लागला. आज एकोणतीस देश त्या व्यवस्थेत आहेत आणि लिस्बनहून निघालेला माणूस वाटेत कोठेही पारपत्र न दाखवता वॉर्साला पोहोचू शकतो. निर्वासितांच्या प्रश्नावरून काही राष्ट्रांनी अलीकडे तात्पुरती म्हणून तपासणी पुन्हा सुरू केली आहे, हे खरे. तरीही दोन महायुद्धांत ज्या सीमांवर लक्षावधी तरुण बळी पडले, त्या सीमांवरून आता मालमोटारी न थांबता जातात ही गोष्ट लहान नव्हे. समाजवाद्यांनी तिचे स्वागतच करावयास हवे.

मात्र घरातल्या भिंती पाडताना या राष्ट्रांनी बाहेरची भिंत एकत्रितपणे उंच केली. कोणाला आत घ्यावयाचे हे ठरविण्यासाठी त्यांनी दोन याद्या केल्या. पहिल्या यादीतील सुमारे साठ देशांच्या नागरिकांना व्हिसावाचून प्रवेश मिळतो. दुसऱ्या यादीतील देशांच्या नागरिकांना आगाऊ व्हिसा घ्यावाच लागतो. पहिल्या यादीत अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया, ब्राझील आहेत. तेलाच्या पैशाने श्रीमंत झालेले संयुक्त अरब अमिरातही २०१५ पासून त्यांच्या पंक्तीला बसले आहे. दुसऱ्या यादीत भारत, पाकिस्तान, बांगलादेश, चीन आणि मॉरिशस व सेशेल्स ही दोन बेटे वगळता सारा आफ्रिका खंड आहे.

पहिल्या यादीतील भाग्यवंतांनाही मोकळीक मिळते ती मोजून नव्वद दिवसांची. कोणत्याही एकशेऐंशी दिवसांत नव्वदाहून अधिक दिवस मुक्काम करावयाचा नाही, असा नियम आहे. आजचा दिवस धरून मागे एकशेऐंशी दिवस मोजावयाचे आणि त्यांत आपण किती दिवस आत होतो याची बेरीज करावयाची. उद्या हीच मोजणी एक दिवस पुढे सरकणार. एक दिवसासाठी बाहेर जाऊन परत येण्याची पळवाट त्यामुळे राहत नाही. पूर्वी हा हिशेब पारपत्रावरच्या शिक्क्यांवरून शिपाई करीत. १२ ऑक्टोबर २०२५ पासून बोटांचे ठसे व चेहऱ्याचे छायाचित्र घेऊन तो यंत्राने करण्यास आरंभ झाला आहे.

परंतु या नियमाचा खरा अर्थ दिवसांच्या संख्येत शोधावयाचा नाही. नव्वद दिवसांत पाहुण्याने काय करावे आणि काय करू नये, यात तो आहे. त्याने हॉटेलात राहावे, संग्रहालये पाहावीत, नातलगांना भेटावे, परिषदेत निबंध वाचावा, व्यापाराची बोलणी करावीत. मोबदला घेऊन काम करण्यासाठी मात्र ही सूट देण्याचे बंधन कोणत्याही राष्ट्रावर नाही, आणि बहुतेक ती देत नाहीत. कारखान्याचा संचालक आपल्या नव्वद दिवसांत कोट्यवधींचा करार करून जाऊ शकतो. गवंड्याने त्याच नव्वद दिवसांत चार विटा रचून मजुरी घेतली तर तो गुन्हेगार ठरतो. दोघांनीही त्या देशात उत्पन्नच मिळविलेले असते. फरक एवढाच की एकाचे उत्पन्न भांडवलावरचे असते व दुसऱ्याचे घामाचे. व्हिसामुक्त प्रवासाचा हा सारा डोलारा पैसे खर्च करणारा आणि पैसे कमावणारा या भेदावर उभा आहे.

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात भूमी, श्रम आणि भांडवल हे उत्पादनाचे घटक शेजारी शेजारी बसतात. भूमी हलत नाही. भांडवलाला हलण्याची मुभा असेल तर श्रमालाही ती हवी, अन्यथा बाजारपेठ मुक्त आहे असे म्हणण्यात अर्थ उरत नाही. मुक्त व्यापाराचे आद्य पुरस्कर्ते ॲडम स्मिथ यांना हे ठाऊक होते. १७७६ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी इंग्लंडमधील 'सेटलमेंट' कायद्यावर कडाडून टीका केली आहे. त्या कायद्यान्वये एका परगण्यातील गरीब माणूस कामाच्या शोधात दुसऱ्या परगण्यात गेला तर तो पुढे धर्मादाय निधीवर भार होईल या संशयावरून त्याला हाकलून देता येत असे. कोणताही अपराध न केलेल्या माणसाला केवळ गरीब म्हणून घालवून देणे स्मिथ यांना स्वाभाविक स्वातंत्र्याचा भंग वाटले. स्मिथ यांचे नाव घेऊन जगाला खुलेपणाचे धडे देणाऱ्यांना ग्रंथातील नेमके तेवढे प्रकरण आठवत नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या १९९५ च्या सेवाविषयक करारात व्यापाराचे चार प्रकार मानले आहेत. त्यातला तिसरा म्हणजे परदेशी कंपनीने येऊन दुकान थाटणे आणि चौथा म्हणजे माणसाने स्वतः जाऊन सेवा देणे. तिसऱ्यासाठी दारे सताड उघडली गेली. चौथ्यात जी थोडी आश्वासने दिली गेली ती बहुतांशी त्याच कंपन्यांच्या व्यवस्थापकांसाठी व तज्ज्ञांसाठी होती.

हा सिद्धान्ताचा वाद राहिला असता तर पक्षाच्या साप्ताहिकात त्यासाठी जागा अडविण्याचे कारण नव्हते. पण गेल्या दोन-तीन वर्षांत तो आपल्या तालुक्यांच्या गावांपर्यंत येऊन पोहोचला आहे.

महासाथीत ओस पडलेली हॉटेले पुन्हा भरावीत म्हणून थायलंडने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि मलेशियाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये भारतीय पर्यटकांना व्हिसातून सूट दिली. फेब्रुवारी २०२४ मध्ये इराणनेही विमानाने येणाऱ्या भारतीय पर्यटकांना पंधरा दिवसांची मोकळीक दिली. आपल्या वृत्तपत्रांनी भारताची पत वाढल्याच्या बातम्या छापल्या. वाढली होती ती भारतीय मध्यमवर्गाच्या खिशाची पत. पण तो तपशील सोडून देऊ. पर्यटकासाठी उघडलेल्या या दारातून पर्यटकांच्या मागोमाग कोण शिरले, ते पाहिले पाहिजे. संगणकावर टंकलेखन येणारा, पदवी घेऊन घरी बसलेला तरुण दलालाच्या हाती लागतो. बँकॉकमध्ये नोकरी आहे, व्हिसाची भानगड नाही, विमानाचे तिकीट काढले की झाले, असे त्याला सांगितले जाते. बँकॉकला उतरल्यावर त्याला मोटारीत घालून सीमेपलीकडे म्यानमारमध्ये नेले जाते. तेथे सशस्त्र टोळ्यांच्या पहाऱ्यात, पारपत्र काढून घेतलेल्या अवस्थेत, दूरध्वनीवरून व संगणकावरून परक्यांना फसविण्याच्या कामाला त्याला जुंपले जाते. मार्च २०२५ मध्ये अशा पाचशेहून अधिक भारतीयांना थायलंडमार्गे हवाई दलाच्या विमानांनी परत आणावे लागले. इराणची कथा वेगळी नाही. नोकरीचे किंवा पुढे तिसऱ्या देशात पोहोचविण्याचे आमिष दाखवून नेलेल्या भारतीयांचे तेथे अपहरण झाले, घरच्यांकडे खंडणी मागण्यात आली आणि अखेर २२ नोव्हेंबर २०२५ पासून इराणने साध्या पारपत्रावरची ही सूटच स्थगित केली.

या तरुणांच्या अडाणीपणाला हसणारे पुष्कळ आहेत. ते अडाणी नव्हते. श्रमिकासाठी असलेल्या दाराला कुलूप आणि शेजारचे पाहुण्याचे दार उघडे, अशी स्थिती असली की काम हवे असणारा माणूस पाहुण्याच्या दारानेच जाणार. त्या दारातून आत गेल्याक्षणी तो कायद्याच्या दृष्टीने श्रमिक राहत नाही. त्याला किमान वेतनाचा हक्क सांगता येत नाही, मालकाविरुद्ध तक्रार करता येत नाही. पोलिसात गेला तर आधी तोच पकडला जातो. वेठबिगारीला याहून सोयीची कायदेशीर व्यवस्था कोणाला रचता आली नसती. दलालाचा धंदा चालतो तो दोन दारांमधल्या याच फटीतून, आणि जितकी ती फट रुंद तितके त्याचे कमिशन मोठे.

आपल्या राज्यकर्त्यांनी केलेली व्यवस्थाही येथेच तपासून पाहावी. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यान्वये दहावी उत्तीर्ण नसलेल्या माणसाच्या पारपत्रावर वेगळी नोंद होते आणि आखातातील देशांसह अठरा देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी त्याला सरकारी अधिकाऱ्याकडून मंजुरी घ्यावी लागते. हेतू चांगला होता. करारनामा पाहावा, वेतन पाहावे, दलालाची नोंदणी पाहावी आणि मगच माणसाला जाऊ द्यावे, अशी कल्पना होती. परंतु पाहुणा म्हणून जाणाऱ्याला ही चाळणी लागत नाही. दलाल सरळ पर्यटनाचा व्हिसा काढून देतो आणि 'तिथे गेल्यावर बदलून घेऊ' असे सांगतो. घरकामासाठी आखातात गेलेल्या किती बायका या एका वाक्यावर विसंबून गेल्या असतील, याची गणना कोणत्याही खात्याच्या दप्तरात सापडणार नाही. अशा वेळी सरकारने कायद्यातली ही फट बुजवावी की नाही? जानेवारी २०१८ मध्ये परराष्ट्र खात्याला सुचले ते असे की, मंजुरी लागणाऱ्या लोकांच्या पारपत्राचे वेष्टनच नारिंगी रंगाचे करावे. अल्पशिक्षित माणूस विमानतळावर दुरूनच ओळखू यावा! केरळपासून टीकेचा गदारोळ उठला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस ही योजना गुंडाळावी लागली. वेष्टनाचा रंग बदलला नाही. ती योजना ज्या मनातून निघाली ते मन बदलले असेल असे मानण्यास आधार नाही.

आता व्हिसाच्या रांगेकडे वळू. युरोपचा अल्पमुदतीचा व्हिसा मागणाऱ्याला बँकेची खातेपुस्तके, प्राप्तिकराची विवरणपत्रे, नोकरीचा दाखला, हॉटेलचे आरक्षण आणि तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा सादर करावा लागतो. मी परत येईन, हे त्याने सिद्ध करावयाचे असते. जमीनजुमला असेल तर त्याचे उतारे जोडावे असे जाणकार सुचवितात, कारण मागे काही ठेवून येणारा माणूस परततो अशी समजूत आहे. ज्याच्यामागे काही नाही तो संशयित. २०२४ मध्ये भारतीयांनी या व्हिसासाठी सुमारे अकरा लाख अर्ज केले. त्यांपैकी सुमारे एक लाख पासष्ट हजार नाकारले गेले. शुल्क त्या वर्षी जूनपर्यंत ८० युरो होते, नंतर ९० झाले. अर्ज नाकारला तरी ते परत मिळत नाही. ८० चाच भाव धरला आणि मुलांची सवलत वजा केली तरी नकार पदरात पाडून घेण्यासाठी भारतीयांनी वर्षभरात शंभर कोटी रुपयांच्या पुढेमागे रक्कम मोजली, असा हिशेब निघतो. अर्ज गोळा करणाऱ्या खाजगी कंपन्यांचे सेवाशुल्क, विम्याचे हप्ते, मुंबईच्या खेपा यांचा यात समावेश नाही. याच वर्षी एप्रिलमध्ये युरोपने भारतीयांसाठी एक सवलत जाहीर केली: ज्याला तीन वर्षांत दोनदा व्हिसा मिळालेला आहे व ज्याने तो नीट वापरला आहे, त्याला दोन वर्षांचा व्हिसा मिळावा. ज्याचे जाणे-येणे आधीच आहे त्याचे जाणे-येणे आणखी सोपे झाले.

अमेरिकेची रीत अधिक स्पष्टवक्ती आहे. तेथील १९५२ च्या कायद्याप्रमाणे पाहुणा म्हणून येऊ इच्छिणारा प्रत्येक परदेशी कायमचा राहण्यासाठीच येत आहे असे गृहीत धरावयाचे असते. तसे नाही, हे त्याने वकिलातीतील अधिकाऱ्यापुढे सिद्ध करावे. नकाराविरुद्ध अपील नाही. १९८६ च्या कायद्याने तेथे नव्वद दिवसांच्या व्हिसामुक्त भेटीची योजना सुरू झाली. त्यात आज चाळीसच्या आसपास देश आहेत. त्या योजनेत शिरण्याची एक अट अशी की, त्या देशाच्या पाहुण्यांचे व्हिसा-अर्ज नाकारण्याचे प्रमाण तीन टक्क्यांहून कमी असले पाहिजे. म्हणजे अमेरिकेच्या अधिकाऱ्यांनी ज्या देशाच्या लोकांवर फार अविश्वास दाखविला, तो देश अमेरिकेच्या विश्वासास अपात्र! न्यायाधीशाने स्वतः दिलेल्या शिक्षाच आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वाचाव्यात, त्यातला हा प्रकार आहे.

अपराध होण्यापूर्वीच जन्मावरून अपराधी ठरविण्याची ही पद्धत महाराष्ट्राला नवीन नाही. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे तो मुंबई इलाख्यातही आला. पारधी, कैकाडी अशा जमातींत जन्मलेल्या माणसाला हजेरी द्यावी लागे आणि हद्द ओलांडावयाची तर पास घ्यावा लागे. सोलापूरची तारेच्या कुंपणातली वसाहत जुन्या लोकांना आठवत असेल. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला; त्यातून मुक्त झालेल्यांच्या नावापुढे 'विमुक्त' हा शब्द तेव्हापासून आला. त्या पासात आणि आजच्या व्हिसात अंतर पुष्कळ आहे, हे मान्य. पण या माणसांच्या बाबतीत संशय हाच नियम आणि विश्वास हा अपवाद, हा जो न्याय दोन्हीकडे लावला जातो, त्यात अंतर नाही.

ही सारी व्यवस्था अनादी कालापासूनची आहे असाही एक समज आहे. पहिल्या महायुद्धापूर्वी युरोपातील बहुतेक देशांत पारपत्रावाचून फिरता येत होते. युद्धकाळातील तात्पुरता उपाय म्हणून बंधने आली आणि १९२० मध्ये पॅरिसला राष्ट्रसंघाच्या विद्यमाने भरलेल्या परिषदेने ती हटविण्याऐवजी पारपत्राची पुस्तिका कशी असावी हे ठरवून दिले. गोऱ्यांची ही मोकळीक चालू होती तेव्हाही आपली अडवणूक होतच होती. १९०८ मध्ये कॅनडाने नियम केला की, मायदेशाहून वाटेत कोठेही न थांबता थेट आलेल्यालाच उतरू द्यावयाचे. नियमात हिंदुस्थानचे नाव नव्हते. थेट आगबोटीची सोय मात्र राहू दिली नव्हती. मे १९१४ मध्ये 'कोमागाता मारू' ३७६ हिंदी उतारू घेऊन व्हँकुव्हरला पोहोचली, दोन महिने बंदरात अडकून पडली आणि परत पाठविली गेली. सप्टेंबरात कलकत्त्याजवळ बजबज येथे उतरल्यावर इंग्रज सरकारच्या गोळीबारात सुमारे वीस जण ठार झाले. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याने प्रत्येकाला आपला देश सोडून जाण्याचा हक्क दिला, आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९६७ मध्ये परदेशप्रवास हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला. बाहेर पडण्याचा हक्क आहे, आत येण्याचा कोठेच नाही. मग बाहेर पडलेल्याने उभे कोठे राहावे?

युरोपातला कामगार यावर एक आक्षेप घेईल आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. बाहेरचे मजूर मोकळेपणाने आले तर आमची मजुरी घसरेल, संप मोडले जातील, असे तो म्हणेल. हा वाद समाजवादी चळवळीने फार पूर्वी घातला आहे. ऑगस्ट १९०७ मध्ये स्टुटगार्टला दुसऱ्या आंतरराष्ट्रीयची परिषद भरली. मादाम कामांनी तेथे हिंदुस्थानचा ध्वज फडकविला हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्याच परिषदेत स्थलांतराचा ठराव चर्चेला होता, हे फारसे कोणी सांगत नाही. अमेरिकेच्या व इतर काही देशांच्या प्रतिनिधींना 'मागासलेल्या' वंशांच्या मजुरांवर बंदी हवी होती. परिषदेने ती मागणी फेटाळली. संप मोडण्यासाठी कंत्राटावर मजूर आणण्यास तिने विरोध केला. पण वंश वा राष्ट्र पाहून माणसाला दूर ठेवणे तिने अमान्य केले आणि आलेल्या मजुराला स्थानिकांइतकीच मजुरी, तेच कामाचे तास व संघटनेत तोच दर्जा मिळावा अशी मागणी केली. तो ठराव बहुतेक पक्षांनी घरी गेल्यावर बासनात ठेवला. ऑस्ट्रेलियातील मजूर पक्ष तर १९०१ पासूनच गोऱ्यांपुरत्या ऑस्ट्रेलियाच्या धोरणाचा खंदा समर्थक होता. तरी ठरावातले अर्थशास्त्र चोख होते. मजुरी घसरते ती मजूर परका असल्यामुळे नव्हे. तक्रार केली तर हद्दपार होऊ या भीतीने तो मिळेल त्या दराने राबतो म्हणून घसरते. मुंबईत परप्रांतीयांना परवाना लावा अशी आरोळी अधूनमधून उठते. ती ठोकणारे आणि त्यांनाच व्हिसा नाकारणारा वकिलातीतला गोरा अधिकारी एकाच तर्काने बोलतात, हे आपल्यातल्याही काहींनी ध्यानात घेतलेले बरे.

सीमा खुली ठेवून काय होते, याचे उदाहरण आपल्या कोकणातच आहे. ३१ जुलै १९५० च्या भारत-नेपाळ कराराच्या सातव्या कलमान्वये दोन्ही देशांच्या नागरिकांना परस्परांच्या देशात जाणे-येणे, राहणे, व्यापार व नोकरी करणे यांची मुभा आहे. व्हिसा नाही, नव्वद दिवसांची मोजणी नाही आणि मुख्य म्हणजे पाहुणा व मजूर असा भेद नाही. नेपाळहून आलेली माणसे रत्नागिरीच्या आंबाबागांत मोहोराच्या दिवसांपासून राखण करतात, हंगामात आंबा उतरवितात, मासेमारीच्या नौकांवर खलाशी म्हणून जातात. म्हणून भारत बुडाला नाही. त्यांचे सारे सुरळीत आहे असेही नव्हे. मुकादमाच्या तोंडी बोलीवर ते राबतात, बागेतल्या खोपटात राहतात, कोणत्याही संघटनेच्या नोंदवहीत त्यांचे नाव नसते. स्टुटगार्टच्या ठरावाचा उत्तरार्ध आपणही अमलात आणलेला नाही. तथापि बागमालकाने मजुरी बुडविली तर नेपाळी मजूर हद्दपारीच्या भीतीवाचून तलाठ्याकडे, पोलिसाकडे, पक्षाच्या कार्यालयाकडे येऊ शकतो. म्यानमारच्या त्या कोंडवाड्यातील भारतीय तरुणाला एवढेही शक्य नव्हते.

नेपाळशी जे जमले ते इतर शेजाऱ्यांशी जमविण्याचा एक प्रयत्न झाला होता. दक्षिण आशियाई राष्ट्रांच्या 'सार्क' संघटनेने १९९२ मध्ये व्हिसामाफीची योजना आणली. तिच्या लाभार्थींचे चोवीस वर्ग ठरले: मान्यवर, संसदसदस्य, वरिष्ठ न्यायमूर्ती, वरिष्ठ अधिकारी, उद्योगपती, पत्रकार, खेळाडू आणि असेच इतर. दीडशे कोटींच्या वर लोकसंख्येच्या या भूभागात विणकर, शेतकरी, फाळणीने ताटातूट झालेली भावंडे यांच्यासाठी पंचविसावा वर्ग काही सुचला नाही. पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरीकडचे आदिवासी गुजरातच्या मासेमारी नौकांवर खलाशी म्हणून जातात. समुद्रावर आखलेली न दिसणारी रेषा ओलांडली म्हणून पाकिस्तानचे सुरक्षादल त्यांना पकडते आणि ते कराचीच्या तुरुंगात पडतात. शिक्षा संपली तरी सुटका होत नाही. दर १ जानेवारीला व १ जुलैला दोन्ही सरकारे एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या बदलतात, त्यांत ही नावे असतात. पहलगामच्या हत्याकांडानंतर एप्रिल २०२५ मध्ये भारताने पाकिस्तानी नागरिकांपुरती ती व्हिसामाफी रद्द केली. त्या प्रसंगी सरकारने काही कठोर पाऊल उचलणे समजण्याजोगे होते. पण त्या योजनेच्या असण्याने वा नसण्याने डहाणूच्या खलाशाला काडीचा फरक पडला नाही.

गोव्याची गोष्ट निराळी आणि समाजवाद्यांना अधिक बोचणारी आहे. १९५५ साली नानासाहेब गोरे, मधु लिमये यांच्या तुकड्या कोणाचाही परवाना न मागता पोर्तुगीजांची सीमा ओलांडून गेल्या, मार खाल्ला, लांबलचक शिक्षा भोगल्या. त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रहींवर झालेल्या गोळीबारात वीसहून अधिक जण हुतात्मा झाले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. आज त्याच गोव्यातील तरुण आजोबांचा जन्मदाखला शोधून लिस्बनला नोंद करण्यासाठी धडपडतात, कारण मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना व त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचे नागरिकत्व नोंदणीने मिळवता येत आले आहे. त्यासाठी भारताचे नागरिकत्व सोडावे लागते. ते सोडून हजारो लोक इंग्लंडात स्विंडनसारख्या गावी गोदामांत व कारखान्यांत कामाला लागले. त्यांना देशद्रोही म्हणणे सोपे आहे. ज्या पारपत्राने पाहुणा म्हणूनही सहजी जाता येत नाही ते देऊन ज्याने मजूर म्हणून कोठेही जाता येते ते त्यांनी घेतले. आणि तसे ते पारपत्र नशिबात नसलेला सावंतवाडीचा त्यांचा शेजारी दलालाकडे जातो.

पक्षाने आपल्या जाहीरनाम्यात याविषयी काही ठोस लिहावे. नाकारलेल्या अर्जाचे शुल्क परत मिळावे, ही मागणी भारत सरकार युरोपशी व अमेरिकेशी बोलताना करू शकते. व्यापारकरारांची बोलणी करताना संगणकतज्ज्ञांच्या व्हिसासाठी सरकार जेवढा घसा कोरडा करते, तेवढा गवंडी, परिचारिका आणि खलाशी यांच्या हंगामी परवान्यांसाठी करीत नाही. त्याचा जाब संसदेत विचारला पाहिजे. पर्यटनाच्या व्हिसावर नोकरीसाठी पाठविणाऱ्या दलालाला शिक्षा व्हावी आणि फसलेल्याला होऊ नये, हे कायद्यात स्पष्ट लिहिले गेले पाहिजे.

तोवर तालुका कार्यालयांनी आपल्यापुरते एक काम सुरू करावे. परदेशी निघालेल्या तरुणाला, आणि मुलींना तर आवर्जून, निघण्यापूर्वी बोलावून घ्यावे. व्हिसा कामाचा आहे की भेटीचा, की व्हिसा लागतच नाही असे सांगितले आहे. दलालाचे नाव परराष्ट्र खात्याच्या 'ई-मायग्रेट' नोंदणीत आहे काय. मालकाचे नाव-पत्ता आणि वेतन यांचा करारनामा हाती आला आहे की उतरल्यावर मिळणार आहे, एवढे विचारावे. पारपत्राच्या पहिल्या व शेवटच्या पानाची आणि करारनाम्याची एक प्रत कार्यालयात ठेवून घ्यावी. 'तिथे गेल्यावर बदलून घेऊ' हे उत्तर आले, तर विमानाचे तिकीट काढलेले असले तरी त्याला थांबवावे.